न लावलेला पट्टा आणि सईचं गप्प राहणं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काय झालं म्हणून कोणी जीव टांगणीला लावायला नको. मी वाचलो. पाठीत दोन सळया आहेत. उजवं पाऊल जागेवर आहे, पण उचललं जात नाही, म्हणून बुटात प्लास्टिकचा ब्रेस घालून चालतो. गाडी चालवता येत नाही.

मी मूळचा चंद्रपूरचा, वय बावन्न, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन एकोणीस वर्षं झाली. मागच्या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला गेलो आणि झाडाला बांधलेल्या मचाणावरून अठरा फूट खाली आलो. सुरक्षेचा पट्टा गाडीत होता. आपल्या मंडळींत शिकारीला जाणारे अजून थोडेच, पण ऑफिसातला एखादा गोरा मित्र एकदा घेऊन जातो आणि मग नाद लागतो, तसे आता काही दिसायला लागलेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पण पट्ट्याबद्दल सांगायला मला चार ओळी पुरतील. उरलेलं सगळं सईबद्दल आहे. सई माझी मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. मी कुठे जातो ते घरात फक्त तिला माहीत होतं, कारण मीच तिला आईशी खोटं बोलायला लावलं होतं. त्या खोट्यापायी मी सात तास जमिनीवर पडून राहिलो. मी पडलो हे वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच दिवशी कळलं. सईला ठाऊक होतं, हे मात्र आम्ही बापलेकीने त्यानंतरही तिच्यापासून लपवून ठेवलं.

नाद

माझे वडील वनखात्यात कारकून होते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राण्यांची मोजणी असायची, तेव्हा ते मला मचाणावर घेऊन बसायचे. बांबूचं मचाण, खाली पाणी, आणि रात्रभर हूं की चूं नाही. पट्टाबिट्टा कोणी ऐकलाही नव्हता. त्यामुळे माझ्याबरोबर काम करणाऱ्या डेलने जेव्हा त्याच्या भावाच्या शेतावर मला पहिल्यांदा नेलं आणि झाडावर चढण्याआधी तो पट्ट्यांचा गुंता माझ्या अंगात अडकवायला लागला, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, अरे बाबा, मी सात वर्षांचा असल्यापासून मचाणावर बसतोय.

डेल हसला नाही. त्याचा नियम एकच होता: पाय जमिनीवरून उचलायच्या आधी पट्ट्याचा हुक झाडाला बांधलेल्या दोरीत अडकवायचा आणि जमिनीवर परत टेकल्यावरच काढायचा. दुसरं म्हणजे, कुठल्या झाडावर बसणार ते घरी लिहून ठेवायचं. त्याच्या घरी फ्रिजवर तसा कागद असतो, शेताचा नकाशा, झाडावर फुली, परतायची वेळ. मला त्याने विचारलं, "तुझ्या बायकोकडे आहे ना कागद?" मी हो म्हणालो. म्हणजे खोटं बोलायची सुरुवात तिथूनच होती.

वैशाली माहेरची पक्की शाकाहारी. लग्नानंतर मी बाहेर खातो ते तिने चालवून घेतलं. डेलचं पहिलं बोलावणं आलं तेव्हा मात्र ती शांतपणे म्हणाली, "खायचं ते खा. पण स्वतःच्या हाताने जीव घ्यायचा नाही. एवढं एक माझं ऐक." मी कबूल केलं. आणि दोन महिन्यांत गेलो. धनुष्य, कपडे, सगळं डेलच्या गॅरेजमध्ये ठेवायचो. तीन वर्षांत एकच हरण मारलं, ते डेलच्या घरी शिजलं. बाकीचे दिवस मी नुसता बसून असायचो, आणि खरं सांगतो, मला तेच हवं होतं. हे मी वैशालीला सांगितलं असतं तर कदाचित तिने समजूनही घेतलं असतं. पण आधी शब्द दिला होता आणि मग तो मोडला होता, त्यामुळे तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

ठिपका

आमच्या घरात सगळ्यांचे फोन एकमेकांना नकाशावर ठिपका म्हणून दिसतात. सईने गाडी शिकायला घेतली तेव्हा वैशालीनेच ते सुरू केलं होतं. त्याचा फास माझ्याच गळ्यात येईल हे मला सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी सई माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, "बाबा, यू वेअर इन अ कॉर्नफील्ड. फॉर फाइव्ह अवर्स. व्हाय?"

मी सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं, तर तिला मजा वाटली. बाबाचं काहीतरी गुपित आहे आणि ते फक्त आपल्याला माहीत आहे, याचा तिला कोण आनंद. "आईला सांगू नकोस हं," मी म्हणालो. इथे मला थांबता आलं असतं. उलट मी तिला सामील करून घेतलं.

युक्ती तिचीच. माझा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडून होता. नकाशावर दिसणारा फोन तो ठेवायचा, नवा नाही. मी शेतावर गेलो की जुना फोन सईच्या बॅगेत. ती लायब्ररीत असली तर मी लायब्ररीत, ती मैत्रिणीकडे गेली तर मी तिला सोडायला गेलेलो. मी तिची पाठ थोपटली होती. पोरगी हुशार आहे म्हणून मनात फुशारलोही होतो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी

त्या शनिवारी आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. स्टेज लावायची जबाबदारी माझी. मी वैशालीला सांगितलं की हॉल पहाटेच ताब्यात मिळतोय, पाचला निघतो. खरं तर हॉल आठला उघडणार होता आणि मी स्टेजचं काम अकराला करणार होतो. मधल्या वेळात शेत. सई आठ वाजता नाचाच्या तालमीला हॉलवर जाणार होती, जुना फोन घेऊन. वैशाली शनिवारी आठच्या आधी फोन हातात घेत नाही, हेही आम्ही धरलं होतं.

डेल मुलीच्या मॅचला जाणार होता, म्हणून मी एकटाच. पोचायला उशीर झाला, फटफटायला लागलं होतं. पट्टा जाड जॅकेटवरून चढवायला मला दहा मिनिटं लागतात. तो मागच्या सीटवर होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि दार लावलं. फोन झाडावर वाजायला नको म्हणून तोही गाडीतच. शिडी चढून वर गेलो आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकला. फळीवर दव गोठलेलं होतं. बस, एवढंच. पाय सरकला. लोक मला विचारतात की पडताना काय वाटलं. काही वाटायला वेळच मिळत नाही.

आदळल्यावर पाठीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि मग कमरेखाली आग आणि उजव्या पायात काहीच नाही. सातही वाजले नव्हते. मक्याची कापणी होऊन गेलेली, मैलभर माणूस नाही. मी ओरडलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. कोपरावर सरकायचा प्रयत्न केला, वीतभर सरकलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

आता एक लाजेची गोष्ट लिहितो. साधारण नऊ-दहाच्या सुमारास ऊन अंगावर आलं, जरा बरं वाटलं, आणि माझ्या मनात आलं: सईने अजून कोणाला सांगितलं नसेल तर बरं. अजून जमेल. डेलला कसंतरी गाठू, पाय मुरगळला म्हणून सांगू. मोडलेल्या पाठीने चिखलात पडलेला माणूस आपली चोरी पकडली जाणार नाही याचा हिशोब करत होता. अकरानंतर मात्र थंडीने दात वाजायला लागले आणि मी मनातल्या मनात सईला म्हणायला लागलो, सांग गं, सांगून टाक.

हॉलवर

हे मला सईने नंतर तुकड्यातुकड्यांत सांगितलं. अकराला मी आलो नाही. साडेअकराला तिने माझ्या नव्या फोनवर पहिला फोन केला, मग दर दहा मिनिटांनी. लोक विचारत होते, "काका कुठे आहेत? बॅकड्रॉप कोण लावणार?" ती म्हणत राहिली, येतोय, ट्रॅफिकमध्ये आहे. एकच्या सुमारास वैशाली चिवडा-चकलीचे डबे घेऊन पोचली आणि तिने सरळ सईला विचारलं, "बाबा कुठेय?"

सई म्हणाली, "दोऱ्या आणायला स्टोअरमध्ये गेलाय."

ते बोलून ती बाथरूममध्ये गेली, तिला उलटी झाली, आणि मग तिने जुन्या फोनमधून डेलचा नंबर शोधून त्याला फोन लावला. डेल मॅच सोडून धावला. दोन वाजत आले होते तेव्हा तो झाडाखाली पोचला. त्याने आपलं जाकीट माझ्यावर घातलं, अँब्युलन्स बोलावली आणि माझं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून बसला, हलू दिलं नाही. मग म्हणाला, "तुझी पोरगी रडत होती रे." मी त्याला म्हणालो, "तिने फोन केला हे माझ्या बायकोला सांगू नकोस." तेव्हा मला वाटलं, मी बापाचं कर्तव्य करतोय.

हॉस्पिटल

वैशालीला डेलनेच कळवलं, आपण सहज शेतावर डोकावलो आणि हा सापडला, असं सांगून. ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. त्यानंतरचे दिवस म्हणजे छताच्या चौकोनांचे दिवस. कुशीवर वळायचं तर तीन माणसं लागायची, एक, दोन, तीन म्हणून ओंडका फिरवतात तसं फिरवायची. बेडपॅनची लाज पहिले दोन दिवस वाटते, तिसऱ्या दिवशी ती पण जाते. एक नर्स होती, वयस्कर, फार बोलायची नाही, पण दर पहाटे गरम केलेलं ब्लँकेट आणून पायांवर टाकायची. उजव्या पायाला ते कळायचं नाही. तरी ती दोन्हीवर नीट पसरायची.

वैशाली ऑफिस करून रोज यायची, वरणभाताचा डबा घेऊन. पहिले चार दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी दुपारपर्यंत नकाशा बघत होते. तू हॉलवर दिसत होतास. मी चकल्या तळत होते आणि तू तिकडे मरत होतास. हे कसं काय रे?"

मी म्हणालो, "जुना फोन मीच हॉलवर ठेवून आलो होतो पहाटे."

हॉल पहाटे उघडतो हीही माझीच थाप होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. रडणाऱ्या माणसाच्या येत नाही. सई तिथेच खिडकीपाशी बसली होती. वैशाली तिच्याकडे वळून म्हणाली, "आणि तू सकाळपासून तिथेच होतीस ना? बाबा दिसत नाही, एवढं तरी कळायला नको? एक फोन करायचा होतास मला." सई काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जन आल्या. पाऊल कदाचित परत येईल, कदाचित नाही, नस फार वेळ दाबली गेली होती, असं त्या म्हणाल्या. सईने विचारलं, "इफ ही केम इन अर्लिअर?" डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, लवकर आलेलं कधीही चांगलं, पण नक्की कोणी सांगू शकणार नाही. सईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. तिचा चेहरा बघून मला ते दिसलं, आणि मी पुन्हा गप्प बसलो.

गटार

घरी आलो तर गावभर झालेलं होतं की काका छपराच्या पन्हळीतली, म्हणजे इथल्या ‘गटारा’तली, पानं काढताना शिडीवरून पडले. हे वैशालीने पसरवलं होतं. शिकारीला गेला होता हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? काकूमंडळी डबे घेऊन यायची आणि मला दटावायची, "माणूस बोलवायचा ना रे पानं काढायला. या वयात कशाला चढायचं?" मी मान डोलवायचो. आई आता नागपूरला असते, तिलाही गटारच सांगितलं. घरात आता तीन माणसं आणि तीन वेगवेगळ्या थापा, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळून घेतोय या समजुतीत.

सई बदलली. नाच सोडला. माझं सगळं करायची, ब्रेस घालून द्यायची, व्यायामाला न्यायची, लायसन्स मिळाल्यावर माझी ड्रायव्हरच झाली. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. पण ती हसायची नाही. मार्कांची घसरण झाली म्हणून वैशाली तिला बोलायची, आणि ती ते बोलणं असं ऐकून घ्यायची जसं काही ते कमीच आहे. मी एकदा तिला म्हणालो, "तुझी काही चूक नाही बेटा." ती म्हणाली, "ओके बाबा." त्या ओकेचा अर्थ मला कळत होता. ज्याने गुपित ठेवायला शिकवलं, त्यानेच माफी देऊन काय उपयोग? तिला आईकडे जायचं होतं, आणि ते दार मी तिच्या तोंडावर बंद करून ठेवलं होतं. तिला सांभाळतोय असं म्हणत.

वर्ग

या सप्टेंबरात डेलच्या क्लबने नव्या शिकाऱ्यांसाठी सुरक्षेचा वर्ग ठेवला आणि मला बोलायला बोलावलं. सईने गाडीने नेलं आणि मागच्या रांगेत बसली. वीसेक माणसं होती. मी ब्रेस दाखवला. म्हणालो, पट्टा घरून निघतानाच अंगात घाला, झाडाखाली पोचल्यावर घाई असते. चढायच्या आधी हुक. फोन गाडीत नाही, खिशात. शिडीवरून मचाणावर पाय टाकताना माणूस पडतो, तिथे दहा सेकंद थांबा. सगळे लिहून घेत होते.

मग टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "सात तास? तुम्हाला शोधायला कोणी कसं आलं नाही?"

हा प्रश्न मला आधीही लोकांनी विचारला होता आणि माझं उत्तर ठरलेलं होतं: फोन गाडीत राहिला. त्या दिवशी ते तोंडाशी आलं आणि मला मागच्या रांगेतली सई दिसली. तीही उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "मी बायकोपासून लपवून गेलो होतो. आणि माझ्या मुलीला मी खोटं बोलायला शिकवलं होतं. तिने शेवटी फोन केला म्हणून मी जिवंत आहे. उशीर झाला तो माझ्यामुळे झाला."

सई उठून बाहेर गेली.

मी गाडीपाशी पोचलो तेव्हा ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मी शेजारी बसून दार लावलं. ती म्हणाली, "यू टोल्ड ट्वेंटी स्ट्रेंजर्स." आणि मग मराठीत, "आता आईला सांग."

घरी

वैशाली स्वयंपाकघरात गवार मोडत होती. सई सरळ वर तिच्या खोलीत गेली. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला सुरुवात केली. कॉर्नफील्डपासून. जुना फोन, तिची बॅग, लायब्ररी, हॉल, दोऱ्या, बाथरूम, डेल. काही गाळलं नाही. वैशालीचे हात केव्हा थांबले ते मला कळलं नाही.

"म्हणजे हॉलवर मी तिला विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं तू कुठे आहेस."

"हो."

"आणि डेलला तिने बोलावलं."

"हो."

"आणि हॉस्पिटलमध्ये मी तिला म्हणाले, एक फोन करायचा होतास." ती माझ्याकडे बघत होती. "तू समोर होतास. तू ऐकलंस ते. आणि मला बोलू दिलंस?"

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने हात पुसले आणि वर गेली. दार वाजवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा. आणि मग सईचं रडणं ऐकू आलं, लहानपणी रडायची तसं, घशातून, न लाजता. दहा महिन्यांत ती माझ्यासमोर एकदाही अशी रडली नव्हती. मधूनमधून वैशालीचा आवाज, शब्द कळत नव्हते.

मी जिन्यापाशी गेलो. मला जिना चढता येतो आता, कठड्याला धरून, आधी डावा पाय, मग उजवा ओढून घ्यायचा. चार पायऱ्या चढलो. माझी जागा तिथे आहे असं मला वाटत होतं. पाचव्या पायरीवर पाय टेकला तेव्हा वरचं दार उघडलं आणि वैशाली बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, आणि गेल्या वर्षभरात ती माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलली नव्हती.

"तू खालीच थांब," ती म्हणाली. "ती बोलतेय माझ्याशी."

तिने आत जाऊन दार लावून घेतलं. मी कठड्याला धरून, एकेक पायरी, खाली उतरलो.